गाडी उंच झाली, की आपण उतरलो?



ऊस, पाणी, खत आणि भाव सोडून या पानांवर दुसरे काही छापले की काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही या वेळी आम्ही मोटारसायकलच्या सीटवर लिहिणार आहोत, आणि तेही तिच्या उंचीवर. कारण साधे आहे. शेअर ज्याच्या नावावर तो माणूस साठी-सत्तरीचा आणि ऊस पाहणारा मुलगा, अशी आज घरोघर स्थिती आहे. या वडीलधाऱ्या मंडळींचे वस्तीवरून गावात, गावातून गट ऑफिसला, तिथून बँकेत आणि नेवाशाला कचेरीत जाणे-येणे सगळे मोटारसायकलवर चालते. एस. टी. फाट्यावर थांबते, ती काही वस्तीवर येत नाही. त्यामुळे ज्या दिवशी गाडी सुटते त्या दिवशी माणूस ओट्यावर बसतो. उसाची नोंद झाली का, तोड कधी येणार, वजनाची पावती कुठे आहे, हे मग दुसऱ्याला विचारायचे. "पोरगं मोकळं झालं की नेतंय," असे म्हणत दिवस जातात, आणि पोरगं काही मोकळं होत नाही.

गाडी सुटते कशी, तेही पाहण्यासारखे आहे. डोळे अधू झाले म्हणून सोडली, डॉक्टरांनी मनाई केली म्हणून सोडली, असेही असतात. पण आम्ही ज्यांना विचारले त्यांतल्या बऱ्याच जणांनी एकच हकीकत सांगितली. चालत्या गाडीवरून नव्हे, उभ्या गाडीवरून पडलो! समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या आल्या, गाडी कडेला घेतली, पाय टेकायला गेलो तर खाली खड्डा. पायाचा चवडा टेकला, टाच टेकली नाही, गाडी कलली, आणि एकदा कलायला लागलेली गाडी काही थांबत नाही. वेग शून्य, पण ११०-११५ किलोचे लोखंड मांडीवर. बघणारे हसतात, पडणाराही कपडे झटकत हसतो. पण त्या वयात खुब्याचे हाड मोडले तर प्रकरण हसण्यावारी राहत नाही. ऑपरेशन, सळई, तीन-चार महिने अंथरूण. हाड नाही मोडले तरी मन मोडते आणि घरातली मंडळी चावी लपवून ठेवतात.

आता बहुतेकांची तक्रार अशी की "पहिल्यापेक्षा गाड्या उंच झाल्या." दुसरा पक्ष म्हणतो, गाड्या तेवढ्याच आहेत, म्हातारपणी माणूस खाली येतो. दोघांचेही थोडे थोडे खरे आहे, म्हणून आम्ही टेप घेऊन बसलो.

आपल्याकडे खपणाऱ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांची सीट जमिनीपासून साधारण ७८० ते ८१० मिलिमीटर उंच असते. म्हणजे ३१ ते ३२ इंच. स्प्लेंडर ७८५ मिलिमीटरच्या आसपास, प्लॅटिना आणि बुलेट ८०५ च्या आसपास. आता सव्वापाच फूट उंचीचा माणूस घ्या. त्याच्या पायाची आतली उंची, म्हणजे जांघेपासून तळव्यापर्यंतचे माप, २९ इंचांच्या आतबाहेर भरते. ३१ उणे २९ म्हणजे दोन इंच कमी पडले. पण हिशेब इतका सरळ नाही. माणूस बसला की शॉकअप दबतात, गाडी इंचभर खाली येते. जाड तळाचा बूट असला तर अर्धा-पाऊण इंच आणखी मिळतो. उलट सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि तेवढा पाय आखूड पडतो. हे सगळे धरून सव्वापाच फुटी माणसाच्या टाचा सपाट जमिनीवर एक-दीड इंच वर राहतात. तरणाताठा गडी चवड्यावर गाडी सावरतो. त्याला या दीड इंचाचा पत्ताही नसतो.

वयाचे म्हणाल, तर चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी माणसाची उंची साधारण एक सेंटीमीटर घटते असे डॉक्टर सांगतात. पण ती घट बहुतेक पाठीच्या कण्यात होते. मणक्यांमधल्या गाद्या बसतात, कणा वाकतो. पाय काही आखूड होत नाहीत, फार तर गुडघे झिजून पाय धनुष्यासारखे बाकले तर थोडा फरक पडतो. मग अडते कुठे? अडते ते खुब्यात आणि मांडीत. खुबा आखडतो, त्यामुळे पाय सीटवरून पलीकडे टाकताना उचलत नाही. मांडीतला जोर कमी होतो, त्यामुळे कललेली गाडी रोखता येत नाही. आणि पाय टेकायला अर्धा क्षण उशीर होतो. म्हणून ज्या गाडीवर पन्नाशीत काही वाटले नाही तीच गाडी पासष्टीला उंच वाटायला लागते. वाटते म्हणजे उगाच वाटत नाही, त्या माणसापुरती ती खरोखरच उंच झालेली असते.

ज्यांनी तरुणपणी राजदूत हाकली त्यांना हे लवकर पटेल. एस्कॉर्टस् कंपनीची ती १७५ सीसीची गाडी खेड्यापाड्यात वर्षानुवर्षे दुधाच्या कॅनसकट पळाली. त्याच कंपनीची एक बुटकी, लहान चाकांची गाडीही निघाली होती. १९७३ सालच्या 'बॉबी' चित्रपटात ती दिसली आणि लोक तिला बॉबीच म्हणू लागले. त्या काळी तिची टिंगल व्हायची, पोरासोरांचे खेळणे म्हणून. आज तशी एखादी चांगल्या स्थितीत मिळाली तर आमच्या ओळखीचे चार वडीलधारे रांग लावतील.

असो. उपायांकडे वळू. आम्ही स्वस्तापासून महागापर्यंत असा क्रम धरतो, कारण बहुतेकांचे काम पहिल्या दोन पायऱ्यांतच होते.

आधी माप घ्या. नेहमी घालता तीच पायताणे घालून भिंतीला पाठ लावून उभे राहा. एखादी पुठ्ठ्याची वही दोन मांड्यांमध्ये वर जाईल तेवढी दाबून धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्याला मोजायला सांगा. मग सपाट ओट्यावर गाडीवर बसा आणि टाचेखाली किती पोकळी राहते ते पाहायला सांगा. टाचेखाली एक बोट राहत असेल तर गाडीला हात लावायची गरज नाही. दोन-तीन बोटे राहत असतील तर पुढचे वाचा. दोन्ही पाय सपाट टेकलेच पाहिजेत असा काहींचा आग्रह असतो, तो आम्हाला पटत नाही. एक पाय पूर्ण टेकला आणि दुसरा ब्रेकवर राहिला की गाडी उभी राहते. तो एक पाय मात्र पूर्ण टेकला पाहिजे, चवडा नाही.

पहिला उपाय मागच्या शॉकअपचा. बहुतेक गाड्यांच्या मागच्या शॉकअपला खाली एक कंगोऱ्याची रिंग असते, तिला चार-पाच खाचा असतात. गाडीच्या पेटीतल्या वाकड्या पान्याने ती फिरते. डबलसीट किंवा ओझे नेणारे ती वरच्या खाचेत ठेवतात, स्प्रिंग घट्ट होते आणि गाडी उंच बसते. एकट्याने फिरणाऱ्याने ती सगळ्यात खालच्या खाचेत आणावी. स्प्रिंग सैल होते, माणूस बसल्यावर गाडी बोटभर जास्त दबते. पैसा एक लागत नाही. दोन्ही बाजूंची खाच एकच ठेवावी, एवढे पथ्य. मात्र मग त्याच गाडीवर खताची गोणी टाकली की शॉकअप तळाला आपटतात. युरियाची गोणी आता ४५ किलोची असली तरी तिचे वजन काही कापसाचे नाही.

दुसरा उपाय सीट भरून घेण्याचा, की उपसून घेण्याचा म्हणावे? नेवासा फाट्यावर, सोनईत, कुकाण्यात, कुठेही सीट कव्हर शिवणारा असतो. त्याला सांगून सीटमधला स्पंज कमी करून घेता येतो. येथे आम्ही जरा सविस्तर लिहितो, कारण या कामात घाईने नुकसान होते. कारागीर लांब पाते घेऊन वरून सरसकट दोन इंच कापायला निघतो. तसे करू देऊ नये. कापायचा तो बसण्याच्या जागेचा वरचा इंच-सव्वा इंच, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे टाकीजवळच्या दोन्ही कडा. मांड्या जिथून खाली उतरतात तिथली सीट अरुंद केली की पाय सरळ खाली येतो. नुसत्या कडा तासूनच पुष्कळदा अर्ध्या इंचाचा फरक पडतो आणि बूड जिथे टेकते तिथला स्पंज शाबूत राहतो. तळाच्या पत्र्यावर किंवा प्लॅस्टिकवर निदान दोन बोटे स्पंज राहिला पाहिजे. नाहीतर खड्ड्यात गाडी आपटली की सरळ माकडहाडाला धक्का बसतो आणि कमरेचे दुखणे विकत घेतल्यासारखे होते.

स्पंज कमी करायचा तर उरलेला कडक हवा. मऊ स्पंज दुकानात बसून छान वाटतो, पण महिन्याभरात बसतो आणि मग पत्रा लागतो. आणखी एक गोष्ट. सीट पुढे उतरती करू नये. उतरत्या सीटवर ब्रेक मारला की माणूस घसरत टाकीवर जातो, आणि पुरुषाला ते किती त्रासाचे आहे हे सांगायला नको. बसण्याची जागा सपाट, मागे छोटी पायरी, अशी घडण चांगली. त्या पायरीला कंबर टेकते. वरचे रेक्झिन खरखरीत घ्यावे, गुळगुळीत नको. शिवण कडेला घ्यायला सांगावी, बसण्याच्या जागी नको. शिवणीतून पावसाचे पाणी आत गेले की स्पंज आठवडाभर वाळत नाही आणि धोतर-पायजमा ओला होत राहतो.

याला एक किंमत आहे, ती कारागीर सांगत नाही म्हणून आम्ही सांगतो. सीट खाली आली पण पाय ठेवायचे रॉड होते तिथेच राहिले. म्हणजे गुडघा जास्त मुडपला. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात त्यांना सोनई ते नेवासा एवढ्या वाटेतही हे जाणवेल. म्हणून गुडघेदुखीवाल्यांनी एकदम दोन इंचाच्या मागे लागू नये. आधी इंचभर कमी करावे, पंधरा दिवस चालवून पाहावे, मग ठरवावे. कापलेला स्पंज परत जोडता येतो, पण त्याला मूळची मजा राहत नाही. सगळ्यात चांगले म्हणजे जुन्या बाजारातून एक जादा सीट आणावे आणि प्रयोग त्याच्यावर करावा. कंपनीचे सीट तसेच राहू द्यावे, पुढे गाडी विकताना कामाला येते.

तिसरा उपाय लोखंडाचा, आणि येथे आमचे मत सरळ विरोधी आहे. काही मिस्त्री मागचे शॉकअप काढून आखूड बसवतात, पुढचे पाइप क्लँपमधून वर सरकवतात. दिसायला सोपे आहे. पण गाडी म्हणजे एकमेकांत गुंतलेले काम आहे. नुसते मागे खाली केले तर पुढचे तोंड वर होते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि हँडल हलके, भिरभिरते वाटते. गाळपाच्या दिवसांत रात्री रस्त्यावर ट्रॅक्टर किती असतात ते आपण जाणता. त्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत उजेड मारून आपला फायदा नाही. पुढे जास्त सरकवले तर मोठ्या खड्ड्यात मडगार्ड वर जाऊन आदळते. दोन्हीकडून इंचभर खाली आणले तर इंजिनचा तळ जमिनीपासून तेवढाच कमी उंचीवर येतो. कालव्याच्या कडेच्या रस्त्याला ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या असतात, त्यांच्या मधल्या उंचवट्यावर गाडी बसते. चेनची ढील बदलते, ती माणूस बसवून तपासावी लागते.

त्यातही लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट स्टँडची आहे. गाडी खाली आली पण साइड स्टँड तेवढाच लांब राहिला, तर गाडी पुरेशी कलत नाही, जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याने किंवा शेळीच्या धक्क्याने पलीकडे पडते. मग स्टँड कापून, वेल्डिंग करून आखूड करावा लागतो. मोठ्या स्टँडचे उलटे. गाडी खाली आल्यामुळे ती स्टँडवर चढवायला पहिल्यापेक्षा जास्त उचलावी लागते. म्हणजे ज्याच्या अंगात जोर कमी म्हणून हा उद्योग केला त्यालाच जास्त जोर लावायला लावला! लहान रिम बसवण्याचाही एक प्रकार आम्ही ऐकला. त्याने वेग दाखवणारा काटा खोटा बोलू लागतो आणि खड्ड्यात चाक जास्त खोल जाते. आपल्या रस्त्यांना मोठे चाकच बरे.

कायद्याचेही दोन शब्द. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या पुस्तकात कंपनीने दिलेली जी माहिती आहे ती बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितले. त्या पुस्तकात इंजिन, इंधन, दोन चाकांमधले अंतर, आसनसंख्या अशा गोष्टी असतात. स्पंजाची जाडी त्यात नसते. तेव्हा सीट तासून घेणे आणि दोनाच्या सीटचे एकाचे करून टाकणे, यात फरक आहे, तो ध्यानात ठेवावा. मागे दोन आधाराची चाके लावण्याचा विचार काहींच्या मनात येतो. पायाने अधू असलेल्यांना त्याचा मोठा उपयोग आहे. पण ते काम आर. टी. ओ.ची परवानगी घेऊन करावे आणि विमा कंपनीला कळवावे. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून परस्पर नको.

आता चौथा उपाय, तो म्हणजे गाडीच बदलणे. आमचा कल इकडे आहे, हे लपवत नाही.

नगर जिल्ह्याच्या माणसाला हे सांगावे लागू नये. लूना आपल्याच जिल्ह्याची. हस्तीमल फिरोदिया यांच्या किनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली ही ५० सीसीची, पायडल असलेली गाडी बाजारात आणली. तिचा मूळ घाट इटलीतल्या पियाजिओ कंपनीच्या एका लहान मोपेडवरून घेतलेला. नगर-दौंड रस्त्यावरचा किनेटिकचा कारखाना आपल्यापैकी अनेकांनी जाता-येता पाहिला आहे. लूनाची हुशारी इंजिनात नव्हती, तिच्या कमरेत होती. सीट आणि हँडल यांच्या मध्ये मोकळी जागा, जशी बायकांच्या सायकलला असते. पाय मागून उचलून टाकायचा नाही, पुढून आत घालायचा. मास्तर, पोस्टमन, नर्सबाई, धोतरवाले, नऊवारीवाल्या, सगळे तिच्यावर बसले. पडली तरी एका हाताने उचलता येत असे, आणि पेट्रोल संपले तर पायडल मारीत घरी येता येत असे. मोटारसायकलवाले तिला हसत, आणि त्यांचे वडील तिच्यावरून बाजार करून येत.

ती लूना नवे शतक उजाडण्याच्या सुमारास मागे पडली. चार-पाच जणांचे कुटुंब, चार पैसे हातात, होंडाच्या मायलेजच्या गाड्या, मग लूना कोण घेणार? पण घाट टिकला. टी. व्ही. एस.ची एक्सएल आज दुधवाले, भाजीवाले वापरतात ती त्याच जातीची. समोर सपाट जागा, ओझे पुढे ठेवता येते, पाय उचलावा लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये फिरोदियांच्याच घरातल्या किनेटिक ग्रीन कंपनीने विजेवरची ई-लूना आणली. तिची सीट ७६० मिलिमीटर, वजन शंभर किलोच्या आत. स्कूटर घ्यायची तर अॅक्टिव्हासारख्या गाडीची सीट ७६५ मिलिमीटरच्या आसपास. आकड्यात स्प्लेंडरपेक्षा इंचही कमी नाही, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण तिथे पाय पलीकडे टाकण्याचा प्रश्नच मिटतो, आणि सेल्फ असतो, किक मारायला एका पायावर उभे राहावे लागत नाही. स्कूटरचे दोष म्हणजे चाक लहान आणि पोट रुंद. पावसाळ्यात काळ्या रानातून वस्तीवर जाणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. एक्सएलच्या जातीची मोठ्या चाकाची गाडी तिथे बरी.

खरोखर बुटकी मोटारसायकलच हवी असेल तर बजाजच्या अॅव्हेंजरची सीट ७३७ मिलिमीटर आहे, म्हणजे २९ इंच. सव्वापाच फुटी माणसाचे दोन्ही पाय सपाट टेकतात. पण गाडी जड आणि लांब. वाड्याच्या दारातून आत घेऊन वळवताना दम लागतो. शिवाय सत्तरीच्या आजोबांनी पाय पुढे पसरून गावात शिरणे काही घरांत चालते, काही घरांत चालत नाही. तो प्रश्न ज्याचा त्याने घरी सोडवावा.

एवढे सगळे झाले तरी बसण्या-उतरण्याची आणि थांबण्याची रीत बदलल्याशिवाय उपयोग होत नाही. बसताना गाडी साइड स्टँडवर, पुढचा ब्रेक दाबलेला, चढाव असेल तर गिअरमध्ये. मागे गवताचा भारा किंवा गोणी बांधली असेल तर पाय त्याच्यावरून टाकण्याचा नाद सोडावा. बरेच जण तिथेच अडकून पडतात. भारा नंतर दुसऱ्याने बांधावा, किंवा ओट्याच्या, बांधाच्या कडेला गाडी लावून उंचावरून बसावे. आमच्या पाहण्यातल्या एका सभासदांनी गोठ्याजवळ फरशीचे दोन तुकडे टाकून चढण्याचा खास ओटाच केला आहे. लोक घोड्यासाठी करीत, त्यांनी फटफटीसाठी केला. अक्कल तीच.

थांबताना डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर. हे पोरांना आपोआप जमते. पण ज्यांचा हात-पाय जुन्या बुलेटवर बसला त्यांची गोष्ट वेगळी. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. त्यामुळे डावा ब्रेकवर आणि उजवा खाली, अशी चाळीस वर्षांची सवय. नव्या गाडीवर घाईत तीच सवय वर येते, ब्रेकवरचा पाय निघून खाली जातो आणि उतारावर गाडी पुढे निघते. अशांनी मोकळ्या मैदानात, कोणाला दाखवायचे नाही म्हणून पहाटे का होईना, पन्नास वेळा थांबून-निघून पाहावे.

सगळ्यात मोठा शत्रू मात्र साइडपट्टी. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणजे डावा पाय नेमका डांबराच्या तुटलेल्या कडेवर टेकायला जातो. तिथे डांबर आणि मुरूम यांच्यात चार-सहा इंचांचा खड्डा असतो. ओट्यावर मोजलेली सगळी मापे तिथे संपली. एक-सव्वा इंच स्पंज काढून मिळवले आणि साइडपट्टीने सहा इंच घेतले. म्हणून वाहन आले की एक तर वेळीच हळू करून पूर्ण गाडी खाली मुरमावर उतरवावी, किंवा डांबरावरच कडेपासून हातभर आत थांबावे. मधोमध, अर्धी वर अर्धी खाली, असे थांबू नये. कारखान्याच्या रस्त्यावर हंगामात ट्रॉल्यांच्या टायरचा चिखल आणि सांडलेले वाढे पडलेले असते. त्यावर टेकलेला पाय सरकतो, मग सीट कितीही खाली असो. चिखलात चपलेपेक्षा खाचांचा रबरी तळ असलेला बूट बरा. तळ जाड असेल तर अर्धा इंच उंचीही फुकटात मिळते. मात्र फार जाड तळाला गिअरचा, ब्रेकचा दांडा समजत नाही.

आणि गाडी कललीच, आपल्याने सावरत नाही असे वाटले, तर सोडून द्यावी. पाय बाजूला घेऊन गाडी पडू द्यावी. आरसा फुटेल, क्लचचा दांडा वाकेल, दोन-पाचशेचे काम. आपल्या मंडळींना हे फार जड जाते. हप्ता भरून घेतलेली वस्तू हातातून कशी सोडायची? पण हाडाचा खर्च कुठल्याही विम्यातून पुरता भरून येत नाही. डोक्यावर हेल्मेट असावे, वस्तीपासून फाट्यापर्यंत का होईना. शून्य वेगात पडणाराचेही डोके दगडावर आपटते.

परवान्याकडेही पाहून घ्यावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्नच्या पुढे परवाना पाच-पाच वर्षांनी नवा करावा लागतो आणि चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला लागतो. पुष्कळांच्या खिशात मुदत संपलेला परवाना आहे. तो दाखला नुसता सहीपुरता न घेता डोळे आणि रक्तदाब खरोखर तपासून घ्यावा. मान वळवून मागे बघता येत नसेल, उठल्यावर चक्कर येत असेल, अंधारात समोरच्या दिव्याने डोळे दिपत असतील, तर प्रश्न सीटचा नाही. मग स्पंज कापून पैसे घालवू नयेत.

भगिनींसाठीही हेच. बचत गटाला, दूध डेअरीला, मुलांच्या शाळेत जाणाऱ्या आपल्या लेकी-सुनांना घरातल्या पुरुषाच्या मापाची गाडी दिली जाते आणि मग "तिला चालवता येत नाही" असे म्हटले जाते. पाच फुटांच्या बाईच्या पायाचे माप २७ ते २८ इंच. तिला ३२ इंचांची गाडी द्यायची आणि नावे ठेवायची, हा हिशेब आम्हाला वजनकाट्यावर उसाऐवजी पाचट टाकल्यासारखा वाटतो. गाडी घेताना जिने चालवायची तिला शोरूमला घेऊन जावे. तिनेच बसावे, तिनेच टाच टेकवून पाहावी, तिनेच स्टँडवर चढवून पाहावी. सेल्समन म्हणेल, "सवय होईल." तो तिथून पगार घेतो, त्याचे ऐकू नये.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर नव्हे, बाहेर रस्त्यावर आणवून बसून पाहावे. घरच्याच चपला घालून जावे, लग्नातले बूट नकोत. मागे कोणाला तरी बसवून, मग उतरवून, असे दोन्ही वेळा पाय टेकवून पाहावा. शॉकअपची रिंग कोणत्या खाचेत आहे ते विचारावे. कारण नव्या गाडीतही ती कधी कधी मधल्या खाचेत असते, आणि खाली केल्यावर तीच गाडी बसते.

जुनी सीट जपून ठेवायला सांगितले आहे, तिच्याबद्दल एवढेच की ती पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकू नये. उंदरांना आतला स्पंज फार आवडतो. पत्र्याच्या पेटीत ठेवावी, किंवा खुंटीला टांगावी.